नेन्यांचा गुरुवारचा नळ

वाचनालयात नोकरी केली असं सांगितलं की लोक म्हणतात, "वा, म्हणजे आयुष्यभर वाचनच केलंत!" मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला कोणी असं म्हणत नाही. मला वाचायला वेळ क्वचितच मिळाला. नारायण पेठेतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात काउंटरमागे बसून मी मुख्यतः भांडणं ऐकली. पुस्तकं ही त्या भांडणांची कारणं म्हणून माझ्या हातून इकडून तिकडे गेली.

ज्यांनी वाचनालयाचा जिना कधी चढलेला नाही त्यांच्यासाठी थोडं कामाबद्दल सांगते. आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर असायचं आणि पाठीवर माझ्या अक्षरात नाव. पुस्तक परत आलं की आधी झटकायचं. आत केसांच्या पिना, बसची तिकिटं, भाजणीचं पीठ असं काय काय सापडायचं. एकदा अख्खा पोह्याचा पापड निघाला, तोही न मोडता. मग पानांच्या कडा बघायच्या. "वाचलं बरं का, फार सुंदर!" असं सभासद तोंडानं सांगतात, पण अंगठ्याचे डाग जिथे थांबतात तिथे त्यांचं वाचन थांबलेलं असतं. भल्या भल्या ग्रंथांच्या कडा प्रस्तावनेनंतर कोऱ्या करकरीत असायच्या. मी हसून "हो का?" म्हणायची आणि पुस्तक फळीवर ठेवून द्यायची.

सभासदही एकेक नमुने होते. एक गृहस्थ काउंटरशी उभं राहून आधी शेवटचं पान वाचायचे आणि नायिका दुःखी दिसली तर पुस्तक न्यायचे नाहीत. एक बाई प्रत्येक कादंबरीत पेन्सिलीनं पुढच्या वाचकासाठी सूचना लिहून ठेवायच्या: "नायक मूर्ख आहे. धीर धरावा." मी ती खोडायची नाही, कारण बहुतेक वेळा ती बरोबर असायची.

या सगळ्यांचा लाडका लेखक म्हणजे चंद्रहास नेने. रहस्यकथा लिहायचे. त्यांचं नवं पुस्तक आलं की जिन्यात रांग लागायची, आणि ज्या घरात सासूसुनेचं बोलणं बंद असायचं त्या घरातही नेन्यांचं पुस्तक दोघींच्या हातात आळीपाळीनं फिरायचं. असा हा माणूस एका नळापायी आमच्याकडून हद्दपार झाला.

त्या पुस्तकाचं नाव 'ओला पुरावा'. त्यात नारायण पेठेतल्या एका बिऱ्हाडात गुरुवारी संध्याकाळी खून होतो. खुनी मोरीत जाऊन नळाखाली हात धुतो. शेजारच्या बाई नळाचा आवाज ऐकतात, आणि त्या आवाजावरून नेन्यांचा गुप्तहेर खुनी पकडतो. मी पुस्तक वरवर चाळलं, कव्हर घातलं आणि फळीवर लावलं. पहिला सभासद दुसऱ्याच दिवशी सकाळी, वाचनालय उघडायच्या आधी येऊन जिन्यात बसला होता.

"कुंदाताई," तो म्हणाला, "गुरुवारी? नारायण पेठेत? नळाला पाणी?"

आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असायचं. बुधवारी पिंपं, बादल्या, कळशा, प्रसंगी आमटीची पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि गुरुवारी सगळ्या घरानं तांब्या-तांब्यानं वागायचं, हा शिरस्ता होता. त्यामुळे पुढचा आठवडाभर माझ्यासमोर एकामागून एक माणूस येऊन तेच विचारत राहिला. पैसे परत कोणी मागितले नाहीत. सगळ्यांना खुलासा हवा होता. एका बाईंचं म्हणणं पडलं की खून एकवेळ समजून घेता येईल, पण गुरुवारी वाहता नळ सोडून देणाऱ्या माणसाला फाशीच हवी. नेन्यांकडून ही चूक कशी झाली तेही नंतर कळलं. ते विश्रांतवाडीला राहायचे, तिथे शेजारच्या मळ्यात विहीर होती आणि मळेवाल्यांनी यांच्या टाकीला पंपाची जोडणी दिलेली होती. गुरुवार नावाचा वार त्यांच्या घरी आलाच नव्हता.

तरीही प्रकरण थोडक्यात मिटलं असतं. पण आमच्या ग्रंथनिवड समितीचे अध्यक्ष होते अभ्यंकरसाहेब. ही समिती म्हणजे कुठली पुस्तकं घ्यायची ते ठरवणारं मंडळ. अभ्यंकर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका गद्रेबाई आणि चिटणीस म्हणून मी, एवढाच तिचा विस्तार होता. आणि अभ्यंकर निवृत्त झाले होते पाणीपुरवठा खात्यातून. आमच्या पेठांचं पाणी दर गुरुवारी त्यांच्या देखरेखीखाली बंद व्हायचं.

"आयुष्यभर मी जो नळ बंद ठेवला," ते काउंटरवर बोट आपटत म्हणाले, "तो हा गृहस्थ एका ओळीत उघडतो? माझ्या खात्यात काय झोपा काढत होते सगळे?"

"अहो, कादंबरी आहे," गद्रेबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय, हिमालय दक्षिणेला दाखवायचा?"

यावर भूगोलाच्या शिक्षिकेनं हात वर केला. ठराव झाला आणि मी पाटी लावली: 'श्री. नेने यांची पुस्तके मिळणार नाहीत. कारण विचारू नये, सर्वांना माहीत आहे.' पुण्यात वाचनालयं एकमेकांकडे बघून चालतात. आमची पाटी लागल्यावर इतरांनीही नेन्यांची नवी पुस्तकं घेणं थांबवलं. रहस्यकथा घरात विकत घेऊन ठेवायची वस्तू आहे असं तेव्हा कोणाला वाटत नसे, त्यामुळे वाचनालयांनी दार लावलं की लेखकाचं दुकानच बंद व्हायचं.

ती पाटी लावताना मला बरं वाटलं नव्हतं, हे इथे सांगते. 'ओला पुरावा'च्या कडा मी बघितल्या होत्या. नळाच्या पानावर डाग जास्तच होते, पण पुढेही ते थांबले नव्हते; अगदी शेवटच्या पानापर्यंत कडा काळ्या होत्या. रागावले सगळे, पण अर्ध्यावर सोडलं कोणीच नव्हतं. मी हे समितीपुढे ठेवलं.

"पुढच्या चुका शोधायला वाचलं असणार," अभ्यंकर म्हणाले. "मी तरी त्यासाठीच वाचलं."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी नेने स्वतः जिना चढून आले. फोटोत करारी दिसणारा माणूस प्रत्यक्षात गुबगुबीत आणि घाबरट होता. पाटीखाली उभं राहून त्यांनी ती पूर्ण वाचली, मग चप्पल काढली. वाचनालयात चप्पल काढायची पद्धत नव्हती.

"ताई, एक संधी हवी होती," ते म्हणाले. "प्रकाशक म्हणतात, पुण्यातली वाचनालयं घेणार असतील तरच नवं छापतो. दुसरं मला काही येत नाही हो. नोकरी केव्हाच सोडली. आणि लिहायला बसलो की आता हात चालत नाही. आधी पंचांग उघडतो, मग बसचं वेळापत्रक. माझा खुनी घराबाहेरच पडत नाही."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि विचारलं, "आज वार कुठला?" विनोद करत नव्हते ते. मला त्या माणसाची फार कीव आली.

समितीची बैठक झाली. गद्रेबाई म्हणाल्या, "नापास झालेल्या मुलाला आपण ऑक्टोबरला बसू देतो. मग यांनाच का नाही?"

"ऑक्टोबरला पेपर द्यावा लागतो," अभ्यंकर म्हणाले. "द्या म्हणावं पेपर. जेवढं लिहिलंय तेवढं घेऊन या. आपण जागेवर तपासू. खून जिथे घडतो तिथे, त्याच वारी, त्याच वेळी. सगळं जमतंय असं दिसलं तर विचार करू."

मी तेव्हा हसले. हा माणूस ते खरोखर करणार आहे हे मला कळायला हवं होतं.

नव्या कादंबरीचं नाव 'जिन्यातला माणूस'. त्यात एक निवृत्त कारकून आपल्या इमारतीच्या जिन्यात मारला जातो. जिना आमचाच वापरायचं ठरलं. गुरुवार, दुपार. खुनी स्वारगेटला एसटीतून उतरून नारायण पेठेत येतो असं लिहिलं होतं, म्हणून गद्रेबाई खुनी म्हणून स्वारगेटला गेल्या. कादंबरीतला खुनी पायजम्यातला एक तरणाबांड माणूस होता. आमच्याकडे नऊवारीतल्या गद्रेबाई होत्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वरवंटा. मेलेला माणूस कोणी व्हायचं यावर वाद झाला नाही. अध्यक्ष या नात्यानं अभ्यंकरांनी ते काम स्वतःकडे घेतलं. जिन्याच्या मधल्या चौकात त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर आडवे झाले.

"प्रेत पालथं पडलेलं आहे, असं लिहिलंय मी," नेने वरच्या पायरीवरून हस्तलिखित सांभाळत म्हणाले.

"मला पालथं झोपायची डॉक्टरांनी बंदी केलीय. उताणं करा."

नेन्यांनी खोडून उताणं केलं.

मग आम्ही खुन्याची वाट बघू लागलो. खुनी येईना. शेवटी मी खाली डोकावले तर तळमजल्यावरच्या पेंडसेकाकूंनी गद्रेबाईंना दारातच अडवलेलं. कोणाकडे, कशाला, पिशवीत काय, वरवंटा कशाला, तुमच्याकडे मिक्सर नाही का, अशी चौकशी चालली होती. ती संपल्यावर काकूंनी त्यांच्या हातात वर द्यायला म्हणून रद्दीवाल्याचा निरोप आणि धुतलेला डबा दिला. खुनी वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

"बघा," अभ्यंकर डोळे मिटूनच समाधानानं म्हणाले. "या पेठेत खून होऊ शकत नाही. चौकशीतच माणूस थकतो."

नेन्यांचा चेहरा पडला. "मग मी काय करू? पेंडसेकाकूंनाही मारू का आधी?"

"ऐकतेय मी!" खालून आवाज आला.

एवढ्यात सभासदांची ये-जा सुरू झाली. गुरुवार असो की काही, दुपारी चारनंतर आमच्याकडे गर्दी असायचीच. पहिले गृहस्थ चौकात थबकले, अभ्यंकरांकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "केव्हा?"

"नाही हो, तपासणी चाललीय."

"मग ठीक. माझं राखून ठेवलेलं आलं का?" असं म्हणून ते अभ्यंकरांना ओलांडून वर गेले. त्यांच्या मागून आलेल्या बाईंनी ओलांडायचं टाळलं. माणसाला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. अभ्यंकर सत्तरीला टेकले होते.

आणि मग भाजीची पिशवी घेऊन आल्या त्या मालतीबाई, म्हणजे अभ्यंकरांच्या सौभाग्यवती. त्यांना कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या दोन पायऱ्या खाली थांबल्या, नवऱ्याकडे नीट बघितलं.

"अहो, हे काय?"

"मी मेलोय," अभ्यंकर म्हणाले.

"बरं. किल्ली द्या घराची."

अभ्यंकरांनी डोळे न उघडता खिशातून किल्ली काढून वर धरली. मालतीबाईंनी ती घेतली, पण गेल्या मात्र नाहीत. पिशवी पायरीवर ठेवून तिथेच टेकल्या. सभासदही खोळंबले होते, पेंडसेकाकू अर्धा जिना चढून आल्या होत्या. एवढी माणसं बघून नेने आणखीच गांगरले.

"वाचा आता," गद्रेबाई म्हणाल्या. "मी मारलंय त्यांना. पुढचं वाचा."

नेने वाचू लागले. सुरुवातीला आवाज कापत होता, आणि अभ्यंकर खालून टोकत होते. या जिन्यात दुपारनंतर ऊन येत नाही. कठडा लाकडी नाही, लोखंडी आहे. नेने दर वेळी "हो, हो" म्हणत खोडायचे. मला वाटलं, संपलं. हा माणूस आज इथून उठेल तो पुन्हा लेखणी धरणार नाही.

मग त्या मुलीचा प्रसंग आला. मेलेल्या कारकुनाची मुलगी सासर सोडून, न कळवता माहेरी आलेली असते. वडील दार उघडून काय म्हणतील याची तिला धास्ती आहे. जिना चढताना ती बोलायची वाक्यं मनात जुळवते: 'बाबा, मी परत जाणार नाही.' मग ते फार कठोर वाटतं म्हणून बदलते: 'बाबा, थोडे दिवस राहायला आलेय.' दोन्ही वाक्यं ती पुटपुटून बघते, आणि चौकात वळते तर वडील तिथे पडलेले. तिला आधी वाटतं, त्यांना चक्कर आली. ती सामान खाली ठेवते, त्यांच्या उशाशी बसते आणि त्यांना जाग येईपर्यंत तिसरं वाक्य जुळवत राहते.

पेंडसेकाकूंनी पदर तोंडाशी धरला होता. नेन्यांचा आवाज आता कापत नव्हता, आणि अभ्यंकरांनी बराच वेळ काही टोकलं नाही हे माझ्या उशिरानं लक्षात आलं. नेने थांबले.

"पुढे?" प्रेतानं विचारलं.

नेन्यांनी पानं चाळली, उगाचच. "पुढचं लिहिलेलं नाही."

अभ्यंकर उठून बसले. वर्तमानपत्राचा एक तुकडा त्यांच्या पाठीला चिकटून आला होता. "नाही म्हणजे? ती मुलगी तशीच बसलीय ना तिथे!"

"मला माहितीय हो ती बसलीय. वर्ष झालं बसलीय," नेने जवळजवळ ओरडले. घाबरट माणूस ओरडला की सगळा जिना दचकतो. "तिच्या शेजारी मी रोज जातो आणि हात थांबतो. ती उठेल, दार उघडेल, स्टोव्ह पेटवेल. त्या दिवशी रॉकेल मिळत होतं का, हे कोणीतरी विचारेल. माझी मुलगी जिन्यात बसलीय आणि मी रॉकेलचा वार शोधतोय!"

अभ्यंकरांनी त्यांच्याकडे बघितलं. रागावलेल्या माणसाचा चेहरा मी काउंटरवर रोज बघत असे, हा तो नव्हता. त्यांनी चष्मा पुसला. डोळे ओले होते, आणि ते त्यांनी कोणापासून लपवलेही नाहीत. त्या क्षणी त्या हेकट माणसाबद्दल मला एकदम माया वाटली.

"लिहा," ते म्हणाले. "चुकलं तर चुकलं. आम्ही काय, बोलतोच."

समितीचा निर्णय तिथेच, जिन्यात झाला. गद्रेबाईंनी वरवंट्यासकट हात वर केला. मी केला. अभ्यंकरांनी एक अट घातली: शेवट त्यांना आधी कोणी सांगायचा नाही. मालतीबाई म्हणाल्या, "आता जिवंत झाला असाल तर ही पिशवी घ्या," आणि बैठक संपली. पाटी मीच काढली. खिळा भिंतीत तसाच राहिला आणि पुढे त्याला कॅलेंडर आलं.

'जिन्यातला माणूस' दिवाळीच्या आधी आलं. फार थोर पुस्तक होतं असं मी म्हणणार नाही. खुनी कोण ते अर्ध्यातच कळत होतं. पण परत येणाऱ्या प्रतींच्या कडा बघत बसायची मला सवय लागली, आणि त्या मुलीच्या पानांवर अंगठ्याबरोबर पाण्याचे डागही सापडायला लागले. नोकरीत अभिमान वाटावा असे प्रसंग थोडेच येतात. हा मी त्यांत धरते. आता ते वाचनालय राहिलं नाही, आणि एखाद्या नळासाठी जिना चढून भांडायला येईल असा माणूसही माझ्या पाहण्यात नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

पुस्तक येऊन महिना झाला नसेल, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक देवधर धापा टाकत वर आले आणि त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं.

"कुंदाताई, वाचलंत हे? ती मुलगी विश्रांतवाडीहून बसमध्ये बसते, आणि बस तिला आपल्या गल्लीत आणून सोडते. आपल्या गल्लीत! दारात! इथे रिक्षा वळवायची तर दोन्हीकडच्या कुंड्या आत घ्याव्या लागतात. तुमची समिती करते काय?"

अभ्यंकर कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. आता पाटी पुन्हा लागणार, असं वाटून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"आली होती एकदा बस," ते म्हणाले.

"गल्लीत?"

"गल्लीत. मी स्वतः होतो तीत."

देवधरांनी त्यांच्याकडे आ वासून बघितलं. अभ्यंकरांसारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर भांडणच मिटलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत त्यांनी पुस्तक पुन्हा काखेत मारलं आणि ते खाली उतरले. जिन्यातला त्यांचा आवाज विरेपर्यंत मी पुस्तकं झटकत राहिले.

"अभ्यंकरसाहेब," मी विचारलं, "खरंच आली होती बस?"

"कशी येईल हो? बुद्धी आहे का त्या नेन्याला?" ते वर्तमानपत्र पुन्हा उघडत म्हणाले. "पण ती पोर एवढं सामान घेऊन बसस्टॉपपासून चालत कशी आली असती?"